सरावाचा वर्ग

शिक्षकाला आधी शिकावं लागतं आणि त्यासाठी मुलं लागतात, हे सर्वमान्य आहे. ती मुलं कुणाची असावीत याबद्दल शिक्षणशास्त्र मौन पाळतं. तिथे शहराचा नकाशा बोलतो.

हे आठवायचं कारण म्हणजे मिसेस व्हिटकम यांचं पत्र. या बाई शहराबाहेरच्या फेअरमीड गावच्या पालक समितीच्या अध्यक्षा. त्यांनी जानेवारीत लिहिलं होतं, ‘तुमच्या शाळेत तयार झालेले गणिताचे ब्रँट सर आमच्या मुलांना फार आवडतात. तशाच आणखी एका शिक्षकाची सोय होईल का? तुमच्याकडच्या विविधतेबद्दल आम्हाला अतीव आदर आहे.’ मुख्याध्यापक डेलाहंट यांनी ते पत्र माझ्या टेबलावर ठेवलं. “तुम्ही ग्रंथपाल. तुम्हाला लिहायला वेळ असतो,” म्हणाले. वेळ होता. काय लिहावं ते सुचेना, म्हणून पत्र शब्दकोशाखाली राहिलं.

आमची मिल स्ट्रीट शाळा अमेरिकेतल्या मॅसॅच्युसेट्समधल्या एका जुन्या गिरण्यांच्या शहरात आहे. गिरण्या बंद पडल्यावर इथे देशोदेशीची माणसं तेवढी येत राहिली, त्यामुळे शाळेत सदतीस भाषा बोलल्या जातात (त्यांत गणिताची नाही). हे ऐकून विद्यापीठ धावत आलं आणि त्याने आम्हाला ‘सराव-शाळा’ असा दर्जा दिला. दर्ज्याबरोबर एक पितळी पाटी आली. शिक्षक मात्र सरावापुरते येतात.

पद्धत अशी. नवा उमेदवार, म्हणजे शिकाऊ शिक्षक, येतो. पहिला आठवडा ‘माझी ओळख’ या नकाशाचा. कागदाच्या मधोमध स्वतःला काढायचं आणि भोवती भाषा, जेवण, सण, आजी. नंतर गणिताच्या पुस्तकातला पहिला धडा, रेषेचा चढ. तो जमेपर्यंत उमेदवाराचा हात बसतो, फेअरमीडहून बोलावणं येतं (तिथे पगार जास्त आणि वर्गात मुलं निम्मी) आणि तो डोळे पुसत, सर्वांना मिठ्या मारत निघून जातो. मग पुढचा उमेदवार येतो. पहिला आठवडा ओळखीचा.

“मिस, माझी आजी अजून तीच आहे,” वर्गातला यादियेल एकदा एका उमेदवार बाईंना म्हणाला. “गेल्या वेळच्या नकाशाची झेरॉक्स चालेल का?”

मुलांची प्रगती मात्र नाकारता येणार नाही. प्रश्न विचारल्यावर सात सेकंद थांबावं, असं उमेदवारांना शिकवलेलं असतं. उत्तर पाठ असूनही आमची मुलं सात सेकंद गप्प बसतात, आठव्याला हात वर करतात. मध्येच उत्तर देऊन कुणाचा सराव बिघडवणं इथे असभ्य समजलं जातं. रेषेचा चढ ती झोपेतही सांगतील. दुसरा धडा वर्गसमीकरणांचा. तो कुणी पाहिलेला नाही. मे महिन्यातल्या परीक्षेत मात्र तो असतो (परीक्षा मंडळ फेअरमीडच्या बाजूला आहे).

अकरावीतली चन्नारी प्राक या बाबतीत जरा अडून बसली होती. तिची आई कंबोडियाहून आलेली, इस्पितळात चादरी बदलते. मुलीला तिथेच नर्स व्हायचं होतं, आणि नर्सिंगला ही परीक्षा लागते. ती वाचनालयात आली.

“सर, दुसरा धडा?”

“तुझ्याच पुस्तकात आहे. पान एकशे वीस.”

“पान माहितीये हो. वाचूनही झालं, कळत नाही. कोण शिकवणार ते विचारतेय.”

मी चष्मा पुसला.

मार्चमध्ये चालू उमेदवार ठरल्याप्रमाणे गेला आणि नवा यायचा होता. असा बिनशिक्षकाचा वर्ग सभागृहात नेऊन सिनेमा दाखवतात. त्या दिवशी चन्नारी म्हणाली, “पेंग्विनचा सिनेमा पुन्हा नको,” आणि खडू घेऊन फळ्यापाशी गेली. नेमक्या त्याच तासाला विद्यापीठाच्या निरीक्षक डॉक्टर पेनिमन येऊन मागे बसल्या.

चन्नारीने पहिला धडा घेतला. का घेऊ नये? तो तिने नऊ जणांकडून पाहिला होता. प्रत्येकाचं बरं तेवढं तिने उचललं होतं. सात सेकंद थांबली, दोन कौतुकं, एक सूचना, सगळं यथासांग.

“मॅडम, ती आमच्यातलीच आहे,” यादियेल मागे वळून म्हणाला.

डॉक्टरांनी लिहून घेतलं, ‘विद्यार्थी शिक्षिकेला आपल्यातलीच मानतात. पाचपैकी पाच.’

आठवडाभरात अहवाल आला. सराव-शाळेच्या इतिहासातले सर्वोच्च गुण, फेअरमीडसाठी विशेष शिफारस. डेलाहंट साहेबांनी पाऊण तास विचार केला. चूक कळवावी, तर वर्गाला शिक्षक नव्हता हे सिद्ध होतं आणि पितळी पाटी जाते.

“पाठवून द्या तिला,” ते मला म्हणाले. “नाहीतरी सगळेच जातात. आणि त्या व्हिटकमबाईंना आता तरी उत्तर लिहा!”

मी चन्नारीला विचारलं.

“तिकडे दुसरा धडा शिकवतात?”

“शिकवतात म्हणे. आपले ब्रँट सरच शिकवतात.”

“ब्रँट सर?” ती हसली. “ते तर चढ उलटा काढायचे. मी सांगायचे, ‘सर, खाली चाललाय.’” मग हसू थांबलं. “जाते मी. बसू देतील ना?”

शब्दकोश उचलला आणि उत्तर लिहिलं:

‘आपल्या मागणीनुसार एक शिक्षिका पाठवत आहोत. वय सतरा. पहिल्या धड्यात त्यांचा हात धरणारं कुणी नाही. पगार नको. ब्रँट सर दुसरा धडा घेतील त्या तासाला त्यांना बाकावर बसू द्यावं. सर त्यांना ओळखतात, सुरुवातीच्या सगळ्या चुका सरांनी त्यांच्यासमोरच केल्या. आपल्या मुलांना थोडं सरकून बसायला सांगावं. विविधतेबद्दलचा आपला आदर साधारण दीड फूट जागा घेईल.’

पाकिटावर पत्ता घालायला घेतला. ज्याच्या मुलाला चांगला, मुरलेला शिक्षक लाभला आहे अशा कुणाचाही पत्ता इथे चालला असता. वाचकहो, तुमचाही. पण व्हिटकमबाईंनी निदान मागणी केली होती, तुम्हाला न मागताच मिळालं. म्हणून त्यांचाच पत्ता घातला, आणि पत्र पेटीत टाकलं.