हत्तीखडकचा कच्चा दगड

नवा जिल्हा होणार हे नक्की झालं होतं. कधी, कुठं आणि कोणत्या नावानं, एवढंच ठरायचं राहिलं होतं. तोवर यंत्रणा रिकामी बसू नये म्हणून जिल्ह्याचं स्मारक आधी उभारावं, असा आदेश निघाला. देगलूरकडच्या हत्तीखडकला दगडाच्या खाणी, तेव्हा स्तंभ ग्रॅनाइटचा; आणि खाणीत चाळीस वर्षं छिन्नी चालवलेला धोंडप्पा तिथलाच, तेव्हा घडवणारा तोच, हे ओघानंच आलं.

धोंडप्पानं पंधरा फुटी स्तंभ चौकात उभा केला. हातोडीनं टिचकी मारली की देवळातल्या घंटेसारखा वाजायचा. धोंडप्पा दिवसातून चार वेळा उगाच टिचकी मारून यायचा.

गावात पाणी मात्र नव्हतं. दोन सालं पाऊस नाही, आड कोरडे, बाया कोसभर जाऊन घागर आणत. टँकरचा अर्ज तीनदा परत आला होता. शेरा एकच : ‘सदर गावी खाणीचा खड्डा असून तो दप्तरी पाझर तलाव म्हणून नोंद आहे. सबब पाणीटंचाई दिसून येत नाही.’ खड्ड्यात पोरं क्रिकेट खेळत, पण ते दप्तरी नोंदलेलं नव्हतं.

अशात शाखा अभियंता अमृतराव स्तंभ तपासायला आले. फायल उघडून म्हणाले, “कलम अकरा राहिलंय. बांधकामावर एकवीस दिवस पाणी मारणे, रोज एक टँकर.”

त्याचं असं झालं होतं, की अंदाजपत्रक मुळात सिमेंटच्या स्तंभाचं होतं. ‘सिमेंट’ खोडून ‘ग्रॅनाइट’ लिहिलं. बाकीचं बदलायला नवी मंजुरी लागली असती.

धोंडप्पाला हसू आवरेना. “सायेब, दगडाला पानी मारतेत व्हय? भुईच्या पोटात कवाच पिकून बसलाय त्यो.”

“कलम आहे धोंडप्पा. कलमापुढं दगड काय नि माणूस काय.”

धोंडप्पा आणखी काही बोलणार, तेवढ्यात बायकोनं, नागम्मानं, त्याच्या दंडाला मागून करकचून चिमटा काढला. “मारावं लागतंय सायेब,” ती पदर सावरत म्हणाली. “लई कच्चा हाय. उद्याच धाडा टँकर.”

टँकर आला. पाणी दगडासाठी मंजूर होतं, माणसांसाठी नाही. म्हणून नागम्मानं रीत घालून दिली : प्रत्येकीनं आधी एक तांब्या दगडावर ओतायचा, मग घागर भरायची. अमृतराव तांब्याचा फोटो काढून घेत. घागरीचा फोटो काढा, असं कलमात नव्हतं.

एकविसाव्या दिवशी ते दाखला घेऊन आले. ‘दगड पक्का झाला आहे / नाही.’ खाली कारागिराची सही.

धोंडप्पानं पेन हातात घेतलं. चाळीस वर्षांत त्याच्या हातून कच्चा दगड गेला नव्हता. त्याच्याकडं दुसरी कमाई नव्हती. दाखला तसाच घेऊन तो घरात आला, बायकोला म्हणाला, “माझं नाव जाईल गं.”

“मग बसा नाव पीत,” नागम्मा म्हणाली. आणि तिनं त्याच्यापुढं पाण्याचा तांब्या ठेवला. “पेऊन बघा, अन् मग काय लिवायचं ते लिवा.”

तो प्यायला. ‘आहे’ खोडलं, सही केली.

मुदत वाढली. पुन्हा वाढली. उदगीरच्या शरणप्पानं देवळासाठी नंदी सांगितला होता, त्याचा निरोप आला : कच्च्या दगडाचा देव नको. धोंडप्पानं टिचक्या मारणं सोडून दिलं. आवाज खरा यायचा, तेच सोसेना.

चौथ्या मुदतवाढीला त्रिसदस्यीय समिती आली. अध्यक्षांनी स्तंभावर अंगठा बराच वेळ दाबून धरला. “किंचित दबतोय,” ते म्हणाले. बाकीचे दोघं हुद्द्यानं लहान, त्यांना बराच दबला. अहवाल झाला : दगड कच्चा, लोकांच्या जिवाला धोका, तात्काळ पाडून टाकावा.

चार गडी घण घेऊन आले. तीन दिवस घण चालला. दोन दांडे मोडले, एकाचा खांदा निखळला, स्तंभाची कपचीही निघाली नाही. प्रत्येक घावाला तो घणघणत होता, आणि पारावर बसलेल्या धोंडप्पाचा कणा घावागणिक ताठ होत होता.

तिसऱ्या दिवशी अमृतराव घाम पुसत त्याच्यापाशी आले. “धोंडप्पा, खरं बोला. असला दगड मी जन्मात पाहिला नाही. हा तर पक्का आहे!”

हेच ऐकायला तो चार महिने झुरला होता. त्यानं स्तंभाकडं पाहिलं. मग टँकरच्या रांगेकडं. तिथं नागम्मा घागर कडेवर घेऊन उभी होती. या खेपेला तिनं चिमटा काढला नाही.

“न्हाई सायेब,” धोंडप्पा म्हणाला. “कच्चाच हाय.”

“मग फुटत का नाही?”

“कच्चा म्हनून. पिकलेला असता तर पयल्या घावात फुटला असता. आंबा बघा की, कच्चा कवा फुटतो का?”

अमृतरावांनी क्षणभर विचार केला आणि तसंच लिहून घेतलं. फायलीत ते चपखल बसलं. दगड पिकल्यावर पाडावा, तोवर पाणी चालू ठेवावं, असा आदेश निघाला. हे कळल्यावर आसपासच्या सतरा गावांनी स्मारकाची मागणी केली; पिण्याच्या पाण्याची कुणी केली नाही.

नवा जिल्हा अजून व्हायचाय. हत्तीखडकला टँकर रोज येतो. शहरातली शिकलेली माणसं मोटारीनं येतात, हसतात, फोटो काढतात. निघताना मात्र आजूबाजूला बघून प्रत्येकजण स्तंभावर हळूच अंगठा दाबतो. धोंडप्पा पारावरून बघत असतो. तुम्ही गेलात तर तुम्हीही दाबाल. समितीचा अहवाल वाचून गेला असाल, तर किंचित दबेलसुद्धा.