बससकट जैसे थे

वकीलसाहेब त्या संध्याकाळी शीळ घालतच घरी निघाले होते. हातात कोर्टाच्या हुकुमाची ताजी नक्कल होती. महापालिका त्यांच्या बंगल्याच्या गेटसमोर बसथांबा उभारणार होती, ती आता खटल्याचा निकाल लागेपर्यंत एक खिळासुद्धा ठोकू शकणार नव्हती. गेटसमोरची जागा जशी आहे तशीच राहील, असं कोर्टाने स्वच्छ शब्दांत लिहून दिलं होतं.

साहेबांना कोर्टात सगळे मागून ‘जैसेथे’ म्हणत. त्यांची ख्याती खटले जिंकण्याबद्दल नव्हती, ते संपू न देण्याबद्दल होती. कुणाला भिंत पाडायची असो की बांधायची, साहेब आधी ‘जैसे थे’चा हुकूम आणत आणि मग तारखांमागून तारखा घेत. शेवटी पक्षकार थकत आणि भिंत आपणहून पडे. अशा माणसाच्या दारात थांबा उभारायला निघालेल्या महापालिकेची साहेबांना थोडी कीवच येत होती.

सहकाऱ्याच्या गाडीतून कोपऱ्यावर उतरून ते वळले आणि त्यांची शीळ बंद पडली. गेटला आडवी, या टोकापासून त्या टोकापर्यंत, एक बस उभी होती. माणूस कसाबसा अंग चोरून आत जाऊ शकला असता, पण आत उभी असलेली साहेबांची नवी पांढरी गाडी बाहेर येणं शक्य नव्हतं.

“ही काय जागा आहे का बस लावायची?” साहेबांनी ड्रायव्हरला विचारलं.

“लावली नाही साहेब, पडली,” बॉनेटमधून डोकं बाहेर काढत ड्रायव्हर म्हणाला. “सकाळी तुम्ही गेलात आणि मागोमाग बंद पडली. क्लच गेलाय. क्रेन यायचीय डेपोतून.”

“कधी येणार?”

“उद्या येतो म्हणालेत. म्हणजे परवा येईल.”

बसच्या अंगभर नगरसेवकाची जाहिरात रंगवलेली होती. ‘विकास तुमच्या दारी’ अशी मोठी अक्षरं आणि शेजारी हात जोडलेले खुद्द भाऊ. भाऊंचं ते हसू नेमकं साहेबांच्या घरातल्या ऑफिसच्या खिडकीत पाहत होतं. थांब्याची टूम याच भाऊंनी काढली होती. साहेबांनी पडदा ओढून घेतला आणि एका रात्रीचाच प्रश्न आहे अशी स्वतःची समजूत घातली.

क्रेन चक्क दुसऱ्याच दिवशी आली. तिच्या मागून पांढऱ्याशुभ्र कपड्यांत भाऊ आले. क्रेनवाल्याने साखळी बसला अडकवली, तसा भाऊंनी हात वर केला.

“थांब रे. साहेब, हे चालायचं नाही. कोर्टाचा अवमान होईल.”

“कसला अवमान? बंद पडलेली बस आहे ही.”

भाऊंनी खिशातून हुकुमाची नक्कल काढली आणि सभेत वाचावी तशी वाचली. “‘सदर गेटसमोरील जागेत कोणताही खांब, बाक, पत्रा, फलक, वाहन अथवा इतर वस्तू आणू नये, आणि तेथे असलेली कोणतीही वस्तू पुढील आदेशापर्यंत हलवू नये.’ वाहन, साहेब. तुम्हीच लिहिलंय. आम्ही अडाणी माणसं, आम्हाला एवढं कुठलं सुचायला?”

ते खरं होतं. खांब आणि बाक यांवर भागलं असतं, पण कुठेही फट राहू नये म्हणून साहेबांनी मसुद्यात ‘वाहन’ स्वतःच्या हाताने घातलं होतं. ‘हलवू नये’ हेही त्यांचंच. हुकूम झाला दुपारी, बस बंद पडली होती सकाळी. म्हणजे कोर्टाने जे जसं आहे तसं ठेवायला सांगितलं, त्यात ही बस कायद्याने बसत होती.

“भाऊ, तुम्ही मुद्दाम करताय हे.”

“मी? अहो, हा थांबा मागितला कोणी, माहितेय का? तुमच्याच अप्पांनी. कुंपणावरून हाक मारून म्हणाले, भाऊ, गुडघ्यांनी नाही होत आता, जवळ काहीतरी करा.”

साहेबांनी वळून पाहिलं. अप्पा, म्हणजे साहेबांचे वडील, निवृत्त पोस्टमास्तर, व्हरांड्यात उभे राहून क्रेनकडे मोठ्या आस्थेने पाहत होते. संध्याकाळी वाचनालयात जाऊन जुन्या मित्रांत बसायचं, एवढाच त्यांचा शौक. पण जुना थांबा चढ चढून पलीकडे होता आणि गुडघ्यांनी संप पुकारल्यापासून ते घरातच होते. गाडीतून नेईन असं साहेब दर आठवड्याला म्हणत. “अप्पा, या रविवारी एक काम निघालंय. पुढच्या रविवारी नक्की.” तो रविवार काही उजाडत नव्हता. कोर्टात इतरांना मिळत तशाच तारखा अप्पांना घरबसल्या मिळत होत्या.

क्रेन आली तशी परत गेली. साहेब डेपोत गेले. डेपो मॅनेजर म्हणाले, बस महापालिकेची असली तरी रस्ता राज्य सरकारचा आहे, तिकडून लेखी आणा. राज्य सरकारच्या कचेरीत सांगितलं, रस्ता आमचा असला तरी त्यावरची बस महापालिकेची, आणि महापालिकेत सत्ता विरोधी पक्षाची, त्यामुळे मंत्र्यांना विचारल्याशिवाय आम्ही बोलू शकत नाही. मंत्री पत्रकारांना म्हणाले की न्यायालयाचा आम्ही आदर करतो. त्याच दुपारी महापौरही तेच म्हणाले. दोन्ही पक्षांचं एखाद्या गोष्टीवर एकमत झाल्याचं शहराला कित्येक वर्षांत आठवत नव्हतं, आणि ते झालं साहेबांच्या गेटवर.

मग साहेबांनी कोर्टातच अर्ज टाकला, की हुकुमात बस अभिप्रेत नव्हती. महापालिकेचे वकील हे साहेबांच्या तारखांखाली आयुष्य काढलेले गृहस्थ. ते अत्यंत नम्रपणे उभे राहिले.

“आमच्या वरिष्ठांची प्रकृती बरी नाही. मुदत मिळावी.”

“ही निव्वळ वेळकाढू चाल आहे,” साहेब कडाडले.

न्यायाधीशांनी चष्म्यावरून त्यांच्याकडे पाहिलं. “वकीलसाहेब, गेल्या महिन्यात तुमचेही वरिष्ठ आजारी होते ना?”

“होते.”

“आता बरे आहेत?”

साहेबांना वरिष्ठ असे कोणी नव्हतेच. ते खाली बसले आणि पुढची तारीख पडली.

इकडे गल्लीत वेगळंच सुरू झालं. बंद बसमुळे रस्ता अरुंद झाला होता, त्यामुळे येणाऱ्याजाणाऱ्या प्रत्येक बसला तिथे वेग कमी करून जवळजवळ थांबावंच लागे. लोक त्यात चढू लागले, उतरू लागले. उन्हात उभं राहण्यापेक्षा बंद बसमध्ये बसून वाट पाहणं बरं, हेही त्यांच्या लक्षात आलं. ड्रायव्हरला डेपोतून हुकूम होता की गाडी सोडून हलायचं नाही, म्हणून तो खिडक्या पुसू लागला, आणि कोणती गाडी कधी येईल हे विचारेल त्याला सांगू लागला. थांबा कोणी बांधला नाही, तो नुसता झाला.

आणि अप्पा त्या बसमध्ये जाऊन बसू लागले. ज्येष्ठ नागरिकांच्या राखीव बाकावर, पेपर घेऊन. दोनतीन दिवसांत वाचनालयातली मित्रमंडळीही येणाऱ्या बसने तिथे उतरू लागली. कधी सगळे मिळून इथेच गप्पा मारत, कधी पुढची बस पकडून वाचनालयात जात. अप्पांचा आवाज घरात पुन्हा ऐकू येऊ लागला.

“अप्पांनी आज दोनदा जेवायला वाढून घेतलं,” साहेबांची बायको म्हणाली. ती शाळेत गणित शिकवायची आणि उरलेल्या फटीतून अंग चोरून रोज आपली स्कूटर बाहेर काढायची. “आणि अहो, त्या ड्रायव्हरला मी चहा पाठवलाय. बिचारा तुमच्याच हुकुमाने अडकलाय.”

“तू पण त्यांच्याच बाजूची का?”

“मी कुणाच्या बाजूची नाही. मी फक्त बघतेय, तुम्ही कोर्टात कसे जाता ते.”

साहेब चालत जात. स्वतःच्या गेटसमोर बसमध्ये चढणं म्हणजे हार मानणं, म्हणून ते काळा कोट हातावर टाकून चढ चढत आणि जुन्या थांब्यावर जाऊन उभे राहत. एकदा ते धापा टाकत अर्ध्या चढावर असताना शेजारून बस गेली. खिडकीत अप्पा होते. अप्पांनी हात हलवला. साहेबांना त्या चढावर प्रथमच अप्पांच्या गुडघ्यांची कल्पना आली, आणि मनापासून वाईट वाटलं. पण वाईट वाटणं आणि खटला मागे घेणं यांच्यामध्ये साहेबांच्या धंद्यात पुष्कळ तारखा असतात.

शेवटी गाडीने त्यांना वाकवलं. उभ्या उभ्या तिची बॅटरी उतरली, आणि धुळीत कोणीतरी बोटाने ‘विकास तुमच्या दारी’ असं लिहून ठेवलं. साहेबांनी मुकाट्याने जाऊन स्वतःचा खटला मागे घेतला. आयुष्यात प्रथमच त्यांनी एखादं प्रकरण संपवलं होतं, आणि तेही स्वतःच्या विरुद्ध. परत येताना ते बसने आले, गेटसमोर उतरले, आणि भाऊंना फोन लावला.

“भाऊ, मी माघार घेतली. घेऊन जा ती बस, आणि बांधा तुमचा थांबा.”

पलीकडून भाऊंचा आवाज आला तो घाबराच. “साहेब, हे काय केलंत?”

“का?”

“थांब्याला निधी कुठाय? पत्रा, बाक, सगळं केव्हाच पलीकडच्या वॉर्डात गेलं. तुमची स्थगिती होती म्हणून बरं होतं. प्रत्येक सभेत सांगता यायचं, आम्ही करतोय पण कोर्ट करू देत नाही. आता लोकांना काय सांगू मी? बस तेवढी नेतो. थांब्याचं पुढच्या निवडणुकीला बघू.”

साहेबांनी हे रात्री जेवताना सांगितलं. थांबाही नाही आणि बसही नाही, दोन्ही बाजूंनी आपलाच फायदा झाला, हे सांगताना त्यांना गंमत वाटत होती. ती बस तिथे आहे म्हणून बाकीच्या बस थांबतात, ती हलली की सगळ्या सुसाट जाणार, एवढं अप्पांना कळत होतं.

“अप्पा, वाचनालयाचं मनावर घेऊ नका. गाडी सुटली की मी स्वतः नेतो. या रविवारी जरा काम आहे, पण पुढच्या रविवारी नक्की.”

“बरं,” अप्पा म्हणाले.

क्रेन यायला या वेळी मात्र काही दिवस लागले. आली तेव्हा साहेब गाडीत बसून, नवी बॅटरी घालून, इंजिन चालू करूनच तयार होते. साखळी अडकवली गेली. तेवढ्यात पलीकडून आलेल्या बसमधून अप्पा उतरले. अंगात इस्त्रीचा शर्ट, बरोबर दोन मित्र. त्यांनी क्रेनवाल्यापुढे एक कागद धरला.

“हलवू नकोस बाबा. अवमान होईल.”

साहेब गाडीतून उतरले, फटीतून कसेबसे बाहेर आले. तोच कोर्टाचा शिक्का होता, तेच न्यायाधीश. अर्जदार अप्पा, वकील न लावता स्वतःच उभे राहिलेले. प्रतिवादी महापालिका, आणि दुसऱ्या क्रमांकावर चिरंजीव. गेटसमोर पक्का थांबा उभा राहीपर्यंत तेथील कोणतीही वस्तू हलवू नये. खांब, बाक, पत्रा, फलक, वाहन.

“हा तर माझाच मसुदा आहे.”

“हो, टेबलावर होता. नावं आणि मुदत तेवढी बदलली,” अप्पा म्हणाले. “न्यायाधीश म्हणाले, फार बारकाईने लिहिलाय. मी म्हटलं, मुलाने लिहिलाय.” हे सांगताना त्यांना खरोखर अभिमान वाटत होता.

“अप्पा, तुम्ही माझ्यावर खटला भरलात?”

“तुला घरी वेळ नसतो, बाळ. कोर्टात तरी माझ्यासाठी उभा राहशील असं वाटलं.”

ड्रायव्हरने बॉनेटवरून साखळी काढली, गुंडाळून क्रेनवाल्याच्या हातात दिली आणि फडकं घेऊन पुन्हा खिडक्या पुसायला लागला.

त्यानंतर कोर्टाने एक दृश्य पाहिलं, जे बघायला वकिलांची बाररूम रिकामी झाली. ‘जैसेथे’ स्वतः उभे राहून, घसा कोरडा पडेपर्यंत मागणी करत होते, की माझ्या गेटसमोर बसथांबा उभारण्याचा महापालिकेला तातडीने आदेश द्यावा. आज द्यावा. विलंबामुळे नागरिकांचे, विशेषतः वृद्धांचे, अपरिमित नुकसान होत आहे. म्हातारी माणसं वाट बघत बसतात, हे सांगताना त्यांचा आवाज जरा कापलासुद्धा. महापालिकेचे वकील नम्रपणे उभे राहिले आणि त्यांच्या वरिष्ठांची प्रकृती अजून सुधारली नसल्याचं त्यांनी सांगितलं.

साहेब बसने परतले. बंद बसमध्ये अप्पा आपल्या बाकावर होते. त्यांनी पेपर बाजूला केला आणि शेजारी जागा करून दिली.

“काय म्हणालं कोर्ट?”

“पुढची तारीख दिली.”

“मिळेल थांबा, मिळेल,” अप्पा त्यांच्या गुडघ्यावर थोपटत म्हणाले. “सूनबाईने चहा पाठवलाय, तो घे आधी. पुढच्या रविवारी नक्की बघू आपण.”