मतदान जेवणाआधी घ्यावे

फिलिपिन्समधल्या आमच्या प्रादेशिक भात सुधार केंद्रात दर हंगामाला शेतकरी मेळावा भरतो आणि भाताचं नवं वाण शेतकरी स्वतःच्या मताने निवडतात. कुठलं निवडायचं ते आम्ही आदल्या आठवड्यात ठरवून ठेवतो. यात लबाडी नाही, शेतकऱ्यांचा वेळ वाचावा एवढाच हेतू. मी केंद्राचा कार्यक्रम-कारकून आहे. माझ्या अकरा वर्षांत निकाल कधी चुकला नव्हता.

पद्धत साधी. बारा वाफे, प्रत्येकापुढे एक बादली, आणि माणशी एक हिरवं कार्ड. मी सांगतोय त्या वर्षी ठरलेला वाफा सात नंबरचा, आमच्या डॉ. पंगानिबान यांचा. चौदा वर्षं खपून त्यांनी हे वाण तयार केलं होतं. सगळी रोपं एका उंचीची, न्हाव्याने एका बैठकीत कापल्यासारखी. कार्डं वाटायचं टेबल मी नेमाने ठरलेल्या वाफ्यापुढे, मांडवाच्या सावलीत ठेवतो. बाकीचं काम ऊन करतं.

वाफ्यांच्या चहूबाजूंनी चार-चार ओळी कडेचा भात असतो. उंदरांनी, पाखरांनी आणि पाहुण्यांच्या बुटांनी आधी त्याचा समाचार घ्यावा, म्हणजे आतलं संशोधन सुखरूप राहतं. शास्त्र त्याला मोजत नाही. जमीन लुमिंग मावशीची, केंद्राला चाचणीसाठी दिलेली. तिची अट एकच, कडेला सासूकडून आलेलं जुनं बी लावायचं आणि कापणी झाली की ते तिनेच घरी न्यायचं. आमच्या रजिस्टरला त्याची नोंद 'कडेचा कचरा, विल्हेवाट लावली' अशी होई. त्या कचऱ्यावर मावशीचं घर वर्षभर जेवायचं आणि पुढच्या सालचं बीही त्यातूनच निघायचं. मेळाव्याचं जेवणसुद्धा तीच त्या तांदळाचं करी. केंद्राचा तांदूळ केंद्रातलं कुणी खात नाही, पण हे बाहेर बोलायचं नसतं.

त्या वर्षी प्रमुख पाहुण्या, प्रादेशिक संचालक बुएनाव्हेंतुरा मॅडम, तीन तास उशिरा निघाल्या. प्रार्थना झाली, राष्ट्रगीत झालं, कर्मचाऱ्यांचा समूहनाच दोनदा झाला. एक वाजला. मॅडम आल्याशिवाय मतदान उघडता येत नाही, पण पातेलं उघडायला हरकत नाही, असं मला फोनवर कळवण्यात आलं. मी कार्यक्रमपत्रिकेतल्या दोन ओळींची अदलाबदल केली. जे घडलं ते एवढ्यामुळेच.

लोक जेवले. तळलेली सुकी मासळी, भाजलेलं वांगं आणि मावशीचा भात. गोर्योकाका म्हणजे गावातला सगळ्यात चिकित्सक शेतकरी. त्यांनी तीनदा भात घेतला आणि हा कुठल्या वाफ्यातला म्हणून विचारलं. मावशीच्या दोन्ही हातांत पातेलं होतं. तिने ओठ पुढे काढून कडेकडे दाखवलं. आमच्याकडे तसंही बोट कोण दाखवत बसतं?

मग मॅडम आल्या आणि मतदान सुरू झालं. एकशे तीन शेतकरी वाफे बघत फिरले. कडेपुढे बादली नव्हती, म्हणून भाताचं रिकामं पातेलं तिथे आणून ठेवण्यात आलं. त्यात एक्याण्णव कार्डं पडली. सात नंबरला पाच मिळाली, त्यातली चार आमच्या कर्मचाऱ्यांची होती.

डॉक्टरांचा चेहरा उतरला. ते म्हणाले, "कडेला मत देता येत नाही. कड हे वाण नाही, संरक्षण आहे."

"डॉक्टर, मधलं सगळं पाहिलं हो आम्ही," गोर्योकाका म्हणाले. "दिसायला झकास आहे. पण पोटात गेलंय ते कडेचं."

मॅडमच्या पाठीमागे त्यांच्याच फोटोचा भलामोठा फ्लेक्स होता आणि त्यावर 'जनतेचा कौल' असं आधीच छापलेलं होतं. त्यांनी माइक घेतला आणि कौल मान्य केला.

दुसऱ्या दिवशी समिती बसली. कडेला वाण करायचं तर अर्ज हवा, अर्जात पैदासकाराचं नाव हवं आणि नावापुढे पदवी हवी. मावशी चौथी शिकलेली. रकाना रिकामा सोडता येत नव्हता, म्हणून तिथे डॉ. पंगानिबान यांचं नाव घालायचं ठरलं. डॉक्टरांनी तत्त्व म्हणून अर्धा तास विरोध केला. मग म्हणाले, घालताच आहात तर पदव्या गाळू नका.

तिसऱ्या दिवशी कडेचा कचरा ही राष्ट्रीय संपत्ती झाली. शेताला पहारा बसला. कापणी होऊन तेरा पोती मोहोरबंद झाली आणि राजधानीच्या शीतगृहात निघाली. मावशी रिकामं पोतं काखेत घेऊन माझ्या टेबलाशी आली.

"एर्निंग, माझं बी?"

"मावशी, ते आता देशाचं झालं."

"होऊ दे की. देशाने जेवावं पोटभर. मला एक डबाभर ठेव म्हणजे झालं."

मी सांगितलं की अर्ज करावा लागेल, आणि अर्ज नोंदणीकृत बियाणे उत्पादकालाच करता येतो.

"मग मी इतकी वर्षं काय उत्पादन करत होते?"

मी रजिस्टर उघडलं आणि वाचून दाखवलं. कचरा. ती पोत्याची घडी घालून निघून गेली. मला लाज वाटली. कार्यालयीन वेळेत वाटली, पण रजिस्टरात लाजेचा रकाना नाही, त्यामुळे तिची नोंद कुठे नाही.

पुढची तीन वर्षं मुख्यालयाच्या शेतावर चाचण्या झाल्या. भात उंच वाढतो, वादळात लोळतो, वासाने उंदीर बोलावतो, असे एकेक दोष उघड झाले. मग चव-परीक्षण. आमच्या घरी तांदूळ पारखायचा तो दुसऱ्या दिवशी सकाळी, शिळा भात लसणावर परतताना. मऊ राहिला तर खरा. नियमांत मात्र शिळा भात बसत नाही. दहा प्रशिक्षित परीक्षकांनी, मासळी नाही, मीठ नाही, चमचा-चमचा भात तोंडात घोळवून अहवाल दिला, 'चव आढळली. इतर वाणांशी एकसारखेपणा राखण्यासाठी ती कमी करावी.'

सुधारणा म्हणून त्याचा सात नंबरशी संकर झाला. मग पुन्हा सात नंबरशी. मग पुन्हा. अखेर ते सात नंबरच्या उंचीचं, सात नंबरच्या रंगाचं आणि बिनवासाचं झालं, आणि 'जनमत-१' या नावाने प्रसारित झालं. मॅडमनी फीत कापली. पहिली पिशवी मावशीला मिळाली, शिवाय चौकटीतलं प्रमाणपत्र, 'कचरा विल्हेवाटीतील बहुमोल सहकार्याबद्दल'. मंचावर ती गालातल्या गालात हसत होती. मला वाटलं, कृतज्ञता असेल.

पुढच्या हंगामात जनमत-१ खालचं क्षेत्र मोजायला मी गावात गेलो. मावशीच्या शेतात मधोमध जनमत-१ उभं होतं, वर आमची पाटी. आणि कडेला चार ओळी उंच भात. वास रस्त्यापर्यंत आला होता. तो वास मी विसरेन होय? गोर्योकाकांचं शेत बघितलं, तेच. गावच्या कप्तानाचं, म्हणजे आमच्याकडच्या सरपंचाचं बघितलं, तेच.

"मावशी, हे कुठून आलं गं?"

"मतदानाच्या दिवशी प्रत्येकाच्या एका हातात तुझं कार्ड होतं," मावशी म्हणाली. "दुसरा हात मोकळाच होता ना? शेतात शिरलेला शेतकरी मोकळ्या हाताने बाहेर पडतो होय, बाळा?"

एक्याण्णव जणांनी एक्याण्णव लोंब्या ओरबाडून खिशात घातल्या होत्या. मतदानानंतरच्या हंगामाअखेर गोर्योकाकांनी त्यातला पहिला टोपलीभर भात मावशीच्या दारात आणून ठेवला. तेव्हा ती रडली, असं काका सांगतात. मावशीचं म्हणणं, ती कांदा चिरत होती.

मी तपासणीचा तक्ता काढला. नियम स्पष्ट आहे, कड मोजायची नाही. मी लिहिलं, संपूर्ण गाव, शंभर टक्के जनमत-१. मग मावशीकडे जेवलो. तीनदा भात घेतला.

कडेचा भात गावात राहतो. मधला सगळा पोत्यांत भरून, वर मॅडमचा फोटो छापून बाहेर पाठवला जातो, तुमच्यासारख्या जाणकार शहरी ग्राहकाच्या ताटात. गावात तो कुणी शिजवत नाही, पण शंभरातल्या ब्याण्णव ग्राहकांना तो अतिशय पसंत आहे, असं आमचं सर्वेक्षण सांगतं. सर्वेक्षण मीच घेतलं. जेवणाआधी.