मार्थामावशीचं सहावं मेंढरू

मार्थामावशी बायबलमधल्या कुणाचीही गोष्ट सांगायला बसली की आधी त्याची तब्येत सांगते. "गल्याथ. उंची बेहिशेब, कपाळाला मार. टाके घालायला बी टाइम भेटला न्हाई." योनाचं तर तिला फार वाईट वाटतं. "तीन दिवस माशाच्या पोटात, ना सलाईन ना पाणी. भाईर आल्यावर कुणी बीपी तरी बघितलं का?" तो मासा तिच्या मते सिद्धेश्वर धरणातल्या मरळीच्याच जातीचा, फक्त खाऊन माजलेला.

मावशी सरकारी दवाखान्यात नर्स होती. नोकरी संपली, ड्युटी काही संपली नाही. हिंगोलीतल्या आमच्या चर्चमध्ये दर रविवारी लेकरांची शब्बाथशाळा तीच घेते. मीही तिच्याच हाताखालची. प्रार्थनेआधी नखं तपासायची, वाढलेली दिसली की पर्समधून कात्री बाहेर. "देवापुढं हात जोडून राहिलास का माती दाखवून राहिलास?"

तिचं दुसरं हत्यार म्हणजे फ्लॅनेलचा फळा. त्यावर कापडी चित्रं चिकटवत गोष्ट सांगायची, आणि ज्याचं वचन पाठ त्याला चित्र चिकटवायचा मान. वापरून वापरून मोशेची दाढी गेलीय. तो आता कॉलेजातला वाटतो.

पण हल्ली लेकरं सातच उरली, आणि तीही बाकाखाली मोबाईल धरून बसायची. चर्चच्या कमिटीत मीच म्हटलं, मोठा टीव्ही घेऊ, कार्टूनमधून गोष्टी दाखवू, नाहीतर ही सातही जातील. सगळ्यांनी माना डोलावल्या. मावशीला सांगायचं काम अर्थातच माझ्या गळ्यात पडलं.

"लावा की," ती म्हणाली. "मला काहून तकलीफ व्हईल?" आणि फळ्यावरचं फ्लॅनेल काढून, घडी घालून पिशवीत ठेवलं. मला दोन दिवस जेवण गोड लागलं नाही.

पहिल्या रविवारी हरवलेल्या मेंढराचं कार्टून लावलं. मावशी मागच्या बाकावर. लेकरं चिडीचूप. शंभरातलं एक मेंढरू हरवलं, मेंढपाळ शोधायला निघाला, आणि टीव्ही थांबला. रिमोट मावशीच्या हातात.

"पेशंट बेपत्ता हाय आन् तुमी नुसते बघून राहिले?" म्हणत ती पुढे आली. पिशवीतून फ्लॅनेल निघालं. एकेक मेंढरू लेकरांच्या हातात देऊन तिनं चिकटवून घेतलं. पाच झाली. सहावी जागा रिकामी.

"आजी, हितलं कुठंय?" एका चिमुरडीनं विचारलं.

"हरवलंय. पस्तीस वर्सं झाली."

"मंग शोधलं न्हाई का?"

"शोधूनच राहिले, दर रविवारी."

लेकरं उठलीच. कुणी बाकाखाली, कुणी पेटीमागं शोधू लागलं. मोबाईल बाकांवर तसेच पडून. माझे कान मात्र तापले, कारण ते मेंढरू माझ्या घरी, कपाटात होतं. त्याच्या मागं मावशीच्या अक्षरात माझं नाव होतं, म्हणून नऊ वर्षांच्या मला ते माझंच वाटलं, आणि मी ते फ्रॉकच्या खिशात घातलं होतं.

संध्याकाळी मेंढरू घेऊन तिच्या घरी गेले. दोन खोल्यांत ती एकटीच असते. चोरी कबूल केली. तिनं मेंढरू उलटं करून नाव वाचलं.

"म्हाईत व्हतं मला."

"मग मागितलं का नाहीस?"

"मागितलं असतं तर तू लाजून यायचीच बंद झाली असतीस."

मग तिनं बाकीची पाच मेंढरं माझ्यापुढं पालथी मांडली. प्रत्येकामागं एक नाव, सगळी माझ्या वर्गातली. कुणी पुण्यात आहे, कुणी संभाजीनगरात, एक तर दुबईला.

"ही पाच मेंढरं माझ्यापाशी हायेत, पोरं गेली. तुझं मेंढरू गेलं, पण तू हायेस," ती म्हणाली. "आता तूच सांग, हरवलं कोण?"

मला रडू आलं. मावशीनं सवयीनं माझी नाडी धरली, आणि मग उठून पांढरं कापड घेऊन आली.

"सात कापायची हायेत. नावं तू घाल बाई, माझं अक्षर आता हलतंय. आन् त्या रिमोटचं नीट समजावून सांग, आज अंदाजानंच दाबलं व्हतं."

मी पेन उघडलं. तिनं कात्री चालवली, थांबली, आणि कापड डोळ्यांजवळ धरून पाहिलं.

"जरा ल्हानच कापते," ती म्हणाली. "खिशात मावलं पायजे."