मोठं होण्याची पूर्वपाहणी

मोठं होणं हे जोखमीचं काम असल्यामुळे ते मोठ्यांच्या परवानगीशिवाय करू नये, असं सर्व सुजाण घरांत मानतात. (परवानगी मिळेपर्यंत माणूस आपोआप मोठा होतो, हा या पद्धतीचा मुख्य फायदा.)

पंधरा वर्षांच्या भिंगरीला सोमवारी वर्गात एका जुन्या, गाजलेल्या सिनेमावर तीन मिनिटं बोलायचं होतं. नाहीतर वक्तृत्वाच्या संघातून तिचं नाव वगळणार होते. सिनेमा एका मुलीच्या वयात येण्याचा. एका ऑनलाइन संग्रहालयात तो चकटफू मिळत होता. चकटफू म्हटल्यावर बाबांचा संशय बळावला.

"आधी आम्ही बघतो. योग्य वाटला तर तू."

"बाबा, बाईंनीच सांगितलाय!"

"बाईंनी पाहिलाय. आम्ही कुठे पाहिलाय?"

त्रिसदस्यीय समिती बसली: बाबा, आई आणि काका (अविवाहित, म्हणून तटस्थ). दार लागलं. भिंगरीला बाहेर मोज्यांच्या जोड्या लावायला बसवलं.

सिनेमा दीड तासाचा, पाहणीला लागले चार. थांबे एकूण सतरा: पडद्यावर चाक फिरत राहिलं म्हणून नऊ, काकांचा हुंदका आवरेना म्हणून आठ. निर्णय होईना, म्हणून शनिवारी फेरपाहणी.

रविवारी परिणाम दिसू लागले. बावीस वर्षं सगळ्यांच्या मागून जेवणाऱ्या आईनं पहिलं ताट स्वतःला वाढून घेतलं. बाबांनी साहेबांना फोनवर "नाही जमणार" असं सांगितलं आणि मग बराच वेळ आरशात पाहिलं. काकांनी हात सोडून सायकल चालवली. (ढोपरं फुटली: एक.)

संध्याकाळी अहवाल आला: सदर सिनेमा पाहून माणूस कोणाचंही ऐकेनासा होतो. सबब मुलांना दाखवू नये.

"तुझ्या वयाला झेपायचा नाही गं," काका ढोपराला मलम चोळत म्हणाले.

सोमवारी भिंगरी उभी राहिली. सिनेमा कणभरही पाहिलेला नव्हता, म्हणून पाहिलं होतं तेच सांगितलं. एकजण पहिल्यांदा नाही म्हणतो आणि स्वतःच दचकतो. एकजणी पहिल्यांदा गरम जेवते. एकजण आपटतो आणि हसत सुटतो.

बाईंनी चष्मा पुसला. "इतक्या बारकाईनं हा सिनेमा मीसुद्धा पाहिला नव्हता." नाव संघात राहिलं.

आता हा मजकूरही मुलांच्या हाती देण्यापूर्वी तुम्ही स्वतः वाचून बघताय, हे योग्यच आहे. दार तेवढं नीट लावा. बाहेर मोज्यांच्या ढिगाआडून मुलं तुमच्याकडेच बघतायत.