राष्ट्रीय बास्केटबॉल संघाचा त्रैभाषिक इतिहास

कोणत्याही राष्ट्राचा खेळातला इतिहास दोन ठिकाणी घडतो: मैदानावर आणि मांडवात. मैदानावरचा भाग आपल्या हातात नसतो, कारण तिथे समोरचा संघही आलेला असतो. मांडवात सगळी आपलीच माणसे असतात. म्हणून सुज्ञ लोक मांडवाकडे अधिक लक्ष पुरवतात, आणि या बाबतीत आदिलाबाद जिल्हा कुणाला हार जाणारा नाही.

हे तत्त्व पहिल्यांदा ओळखले ते श्री. व्यंकटराव पेशकार यांनी. व्यंकटराव महसूल खात्यातून निवृत्त झाले आणि दुसऱ्याच आठवड्यात त्यांनी 'सीमावर्ती गुणीजन सत्कार समिती' स्थापन केली. (निवृत्तीच्या दिवशी त्यांचा स्वतःचा सत्कार झाला होता. तो त्यांना अपुरा वाटला, अशी त्यांच्या पत्नी कुमुदिनीबाईंची माहिती आहे.) समितीने आजवर शंभरी गाठलेल्या एका आजोबांचा, जुळी वासरे देणाऱ्या एका गाईचा (मालकासह), बदली होऊन गेलेल्या एका फौजदाराचा आणि त्याच मांडवात त्याच्या जागी आलेल्या फौजदाराचा सत्कार केला. उणीव एकच होती. राष्ट्रीय असे काही हाती लागत नव्हते.

ही उणीव व्यंकटरावांना मनापासून सलत असे, आणि त्यात थट्टेचे काही नाही. या भागातल्या मराठी माणसाला नागपुरात गेले की तेलंगणावाला म्हणतात आणि हैदराबादेत गेले की महाराष्ट्रवाला. व्यंकटरावांच्या घराण्याने निजामाच्या दप्तरात उर्दू लिहिली, मुलांनी शाळेत तेलुगू गिरवली, देवापुढे आरती मराठीत म्हटली आणि तरी कुठल्याच यादीत नाव पहिल्या पानावर आले नाही. आपल्यातले कुणीतरी एकदा नुसते 'भारताचे' म्हणून ओळखले जावे, ही त्यांची साधी इच्छा होती.

ती चंदाने पुरी करायची ठरवली. चंदा ही भीमपूर मंडलातल्या डोमाजी आणि मालनबाई यांची मुलगी. घरी कापूस आणि सोयाबीन. मुलगी इतकी उंच की कापूस वेचताना तिला वाकायलाच इतरांपेक्षा जास्त वेळ लागे. सरकारी निवासी शाळेतल्या खेळाच्या सरांनी ही उंची वाया जाताना पाहिली आणि तिच्या हातात चेंडू दिला. पुढच्या काही वर्षांत तिने तो इतक्या वेळा जाळीतून खाली टाकला की शेवटी बंगळूरहून फोन आला. आशियाई स्पर्धेला जाणाऱ्या बारा महिलांच्या राष्ट्रीय संघात तिची निवड झाली होती. सोमवारी संध्याकाळपर्यंत शिबिरात हजर व्हायचे. जी हजर नसेल तिच्या जागी राखीव खेळाडू घेतली जाईल. त्यासाठी रविवारी संध्याकाळी मंचेरियलला रेल्वेगाडी पकडणे भाग होते, आणि भीमपूरहून मंचेरियल म्हणजे जीपने चांगला चार तासांचा रस्ता.

समितीने रविवारी सकाळी सत्कार ठेवला.

परत आल्यावर का नाही, असे कुमुदिनीबाईंनी विचारले होते. व्यंकटरावांनी त्यांना तत्त्व समजावून सांगितले. खेळाडू परत येतो तेव्हा त्याच्यासोबत निकालही येतो, आणि निकालामुळे भाषणांत अडचणी उत्पन्न होतात. जाण्यापूर्वी मात्र प्रत्येक खेळाडू अजिंक्य असतो.

"मग जाऊन तरी काय करायचं?" कुमुदिनीबाई म्हणाल्या. हा प्रश्न व्यंकटरावांनी गंभीरपणे विचारात घेतला, पण समितीच्या पुढच्या बैठकीपर्यंत ठेवून दिला.

सत्काराच्या निमित्ताने त्यांनी राष्ट्रीय बास्केटबॉल संघाचा आंतरराष्ट्रीय स्पर्धांतील इतिहास स्वतः लिहून काढला. असा इतिहास आदिलाबादेत तरी आधी कुणी लिहिला नव्हता. व्यंकटरावांना बास्केटबॉलचे नियम येत नसल्यामुळे त्यात पूर्वग्रहाला अजिबात वाव राहिला नाही. पुरुषांचा संघ एकदाच ऑलिंपिकला, मॉस्कोला, गेला होता आणि बारा संघांत बारावा आला होता. याबद्दल ते लिहितात की, शेवटपर्यंत टिकून राहण्याचा मान आपल्या संघाने दुसऱ्या कुणाला मिळू दिला नाही. 'हरला' हा शब्द त्यांनी इतिहासात कुठेही वापरला नाही. त्याऐवजी 'प्रतिस्पर्ध्यांनी अधिक गुण केले' अशी रचना आहे, आणि ती बरीच आढळते. कारणांचा तक्ताही जोडला आहे. त्यात प्रतिस्पर्ध्यांची उंची हे कारण सर्वांत वर असून त्याखाली परदेशातले जेवण, थंडी आणि लाकडी जमीन ही कारणे येतात. (आपल्याकडे सिमेंटवर सराव होतो. लाकूड आपण निर्मल गावच्या खेळण्यांसाठी राखून ठेवतो.)

कळसाला व्यंकटरावांनी एका सामन्याचे वर्णन ठेवले होते. तो त्यांना कुणीतरी बसमध्ये सांगितला होता. त्यात आपल्या संघाने एका बलाढ्य देशाशी झुंज दिली आणि अवघ्या चाळीस गुणांनी प्रतिस्पर्ध्यांनी अधिक गुण केले.

रविवारी गावात मांडव भरला. चंदाला नऊवारी नेसवून, वर फेटा बांधून, मधल्या खुर्चीत बसवले होते. तिची पिशवी मांडवामागे महिपतच्या जीपमध्ये ठेवली होती. महिपत हा समितीचा सचिव. गावातली धड चालणारी जीप त्याचीच, आणि मंचेरियलला सोडून येण्याचे त्याने आनंदाने कबूल केले होते. कार्यक्रमात आभारप्रदर्शनही त्याचेच होते. समितीचा दस्तूर असा की आभार झाल्याशिवाय कार्यक्रम संपत नाही आणि कार्यक्रम संपल्याशिवाय सत्कारमूर्तीने जागा सोडायची नाही. म्हणजे चंदाची जीप निघायची ती महिपतच्या भाषणानंतर, हे समितीत सर्वांना स्वच्छ दिसत होते. यात कुणालाही काही चुकीचे दिसले नाही, उलट कारभार कसा एकाच हातात आहे, याचे कौतुकच झाले.

प्रमुख पाहुणे उशिरा येणार होते. तोवर इतिहास वाचून घ्यावा असे ठरले.

इथे दुसरा दस्तूर सांगणे आवश्यक आहे. समितीचे प्रत्येक भाषण तीन भाषांत होते: गावासाठी मराठीत, अधिकाऱ्यांसाठी तेलुगूत आणि कापसाच्या जिनिंगवाल्या सेठसाठी हिंदीत. मांडवातल्या प्रत्येकाला तिन्ही भाषा येतात, त्यामुळे कुणाचेच काही समजायचे राहत नाही.

व्यंकटरावांनी मराठीत वाचले. टाळ्या पडल्या. मग गावच्या शाळेतले राजकुमार मास्तर तेलुगूत वाचायला उभे राहिले. चाळीस गुणांचा फरक त्यांना मुलीच्या शुभप्रसंगी बरा वाटला नाही, म्हणून त्यांनी तो वीसवर आणला. सेठच्या मुनिमाने हिंदीत तोच सामना बरोबरीत सोडवला. बास्केटबॉलमध्ये बरोबरी नसते हे मांडवात फक्त चंदाला ठाऊक होते, पण सत्कारमूर्तीने मध्ये बोलण्याची पद्धत नाही.

ऊन डोक्यावर आले. डोमाजी मंचाच्या कडेला येऊन उभा राहिला.

"सायेब," तो हळूच म्हणाला, "पोरीची गाडी हाये संध्याकाळची. चार घंटे लागतेत मंचेरियलले."

"डोमाजी, गाड्या रोज असतात," व्यंकटराव प्रेमाने म्हणाले. "हा दिवस रोज असतो का?"

डोमाजीला हे पटले. पटले नसते तरी व्यंकटराव महसूल खात्यातले होते.

थोड्या वेळाने चंदा स्वतःच वाकून म्हणाली, "काका, मी जाऊ काय? उशीर होऊन राह्यला."

"अगं, इतिहास चाललाय," व्यंकटराव म्हणाले. "तू मधेच उठलीस तर त्यात खंड पडेल."

तेवढ्यात प्रमुख पाहुणे आले. त्यांच्या गाड्यांचा ताफा मांडवामागे नेमका महिपतच्या जीपला आडवा लागला. पाहुण्यांना इतिहास ऐकायला मिळाला नव्हता, आणि पाहुण्यांना इतिहासाविना ठेवणे शिष्टाचारात बसत नव्हते. म्हणून तो पुन्हा वाचला गेला. या खेपेस, पाहुण्यांच्या उपस्थितीत, आपला संघ तो सामना जिंकला.

खरे सांगायचे तर तो जिंकताना व्यंकटरावांच्या डोळ्यांत पाणी आले. त्यांनी चंदाकडे पाहिले तेव्हा तिच्याही डोळ्यांत पाणी होते. दोघांना एकच गोष्ट वाटते आहे, असे ते समजून चालले.

मग चंदाला शाल, श्रीफळ आणि स्मृतिचिन्ह देण्यात आले. निर्मलच्या कारागिरांना बास्केटबॉल बनवण्याची सवय नव्हती, त्यांचा हात फळांवर बसलेला. त्यांनी एक भलेमोठे लाकडी संत्रे केले आणि त्यावर काळ्या रेघा ओढल्या. ते इतके जड होते की चंदाला ते मांडीवर घेऊन बसावे लागले, आणि आता तिला उठणेही अवघड झाले. मग सत्कारमूर्तींचे मनोगत पुकारण्यात आले. ती संत्र्यासकट माइकपर्यंत गेली.

"मले जाऊ द्या," ती म्हणाली.

टाळ्यांचा कडकडाट झाला. देशासाठी जाण्याची अशी तळमळ या जिल्ह्यात पूर्वी कुणी दाखवली नव्हती. राजकुमार मास्तरांनी तिच्या तीन शब्दांचा लगेच तेलुगूत अनुवाद केला, तो पाऊण पान झाला. मुनिमाने त्यात हिंदीतून दोन शेर घातले. प्रत्येक वेळी पुन्हा टाळ्या पडल्या आणि चंदा पुन्हा खुर्चीत जाऊन बसली, कारण महिपत आभारासाठी उठला होता.

महिपतने मंडपवाल्याचे, लाऊडस्पीकरवाल्याचे, पाणी भरणाऱ्यांचे, गावच्या मारुतीचे आणि ज्ञात-अज्ञात सर्वांचे आभार मानले. तीन भाषांत. मराठीत विसरलेली दोन नावे हिंदीत आठवली, म्हणून तो मराठीत परत आला.

मंचेरियलला गाडी वेळेवर आली आणि वेळेवर सुटली. (रेल्वेच्या इतिहासात अशा नोंदी कमी आहेत.) जीप पोचली तेव्हा फलाटावर चहावाला भांडी धूत होता. चंदा फेट्यातच होती, कारण तो सोडायलाही कुणी वेळ दिला नव्हता.

दुसऱ्या गाडीने ती पोचली असती मंगळवारी. सोमवारी संध्याकाळी फोन आला. पलीकडून शिबिरातले प्रशिक्षक हिंदीत बोलत होते. चंदा "जी सर, जी सर" म्हणत राहिली, मग फोन खाली ठेवला आणि पिशवी न सोडता खाटेवर बसून राहिली. राखीव मुलीला चंदाचा नंबर लिहिलेला गणवेश दिला गेला होता.

बातमी कळली तेव्हा व्यंकटरावांनी जेवणाचे ताट बाजूला सारले. ते खरेच हादरले होते. "इतकं केलं आपण त्या पोरीसाठी," ते म्हणाले.

"तेवढं एक सोडून," कुमुदिनीबाई म्हणाल्या, "तिनं मागितलं होतं ते."

व्यंकटराव उठून हात धुवायला गेले. दोन दिवस ते समितीच्या कार्यालयात गेले नाहीत, म्हणजे त्यांच्याच घराच्या ओसरीवर आले नाहीत. तिसऱ्या दिवशी आले आणि त्यांनी ठराव मांडला: राष्ट्रीय संघातून जाता जाता राहिलेली जिल्ह्यातली पहिली खेळाडू म्हणून चंदाचा पुन्हा सत्कार करावा. ठराव एकमताने संमत झाला. या खेपेला गाडीची घाई नसल्याने कार्यक्रम निवांत करता येईल, याकडे महिपतने लक्ष वेधले.

आशियाई स्पर्धा आटोपल्यावर हा दुसरा सत्कार झाला. चंदा आली नाही. ती जुन्या शाळेच्या सिमेंटवर एकटीच चेंडू टाकत होती. कार्यक्रमाला त्याने बाध आला नाही, कारण तिची शाल खुर्चीला पांघरण्यात आली होती. व्यंकटरावांनी इतिहासाची सुधारित आवृत्ती वाचली. तीत आशियाई स्पर्धेवर एक नवे प्रकरण होते, आणि ते सबंध चंदावर होते: तिचे गाव, तिची उंची, तिचा न झालेला खेळ. ती असती तर काय झाले असते, याचे गुणांसह कोष्टक होते. टाळ्या सरल्यावर पहिल्या रांगेतून मालनबाई उठल्या. मांडवात बाईमाणसाने प्रश्न विचारण्याची प्रथा नव्हती, पण मना करण्याचीही नव्हती.

"सायेब, मायी पोरगी तं नाई गेली," त्या म्हणाल्या. "पन ज्या गेल्या, त्याईचं नाव नाई आलं यात. त्या बाराजनी कोन व्हत्या?"

व्यंकटरावांनी पाने चाळली. राजकुमार मास्तरांनी मुनिमाकडे पाहिले, मुनिमाने छताकडे.  मराठीत कुणाला नाव आठवले नाही. तेलुगूत आठवले नाही. हिंदीतही नाही. "आणि सामने काय झाले?" मालनबाईंनी विचारले, तेव्हा व्यंकटरावांनी दिलगिरी व्यक्त करून आभारप्रदर्शन पुकारले.

ज्या वाचकांना इथे हसू आले असेल त्यांनी ते खुशाल हसावे. मात्र पान उलटण्यापूर्वी, कुणाला न विचारता आणि फोनला हात न लावता, आपल्या राष्ट्रीय बास्केटबॉल संघातल्या एका खेळाडूचे नाव सांगावे. बाई चालेल, पुरुष चालेल, कोणत्याही काळातला चालेल. चंदाचे नाव धरले जाणार नाही. ती संघात नव्हती.