वळणावरची लाल लोकर

प्रल्हाद खिल्लारे धावताना स्वेटर विणत असे. हे मी आजवर पुष्कळांना सांगितलं आहे, आणि ऐकणारा हमखास विचारतो, "म्हणजे धावून आल्यावर ना?" नाही. धावताना. कमरेला पिठाच्या जुन्या थैलीचा बटवा, त्यात लोकरीचा गुंडा, हातात दोन आखूड सुया आणि पाय डांबरी रस्त्यावर. मागून ट्रकवाला हॉर्न वाजवून दमला तरी हा मान वर करायचा नाही. कुणी काही विचारलं तर एकच उत्तर : "ओळ संपू द्या."

वाशीम जिल्ह्यातल्या अनसिंगजवळच्या एका शाळेत मी मुख्याध्यापक होतो आणि तो शिपाई. तो गेल्या पावसाळ्यात गेला. त्याच्याबद्दल मी एकदा चारचौघांत खोटं बोललो होतो. लोकांनी ते खरं मानलं आणि त्याला एक नाव चिकटवलं, ते मरेपर्यंत सुटलं नाही. माझीही सत्तरी उलटली आहे. ते खोटं काय होतं, ते सांगण्यासाठी हे लिहितो आहे. पण आधी माणूस सांगतो, नाहीतर गेलं काय हे कळायचं नाही.

विणकाम तो शाळेतच शिकला. मुलींना विणकाम शिकवणाऱ्या एक बाई होत्या. लोकरीची लड सोडवून गुंडा करायचा तर समोर कुणीतरी दोन हात पुढं करून उभं राहावं लागतं. ते काम शिपायाचं ठरलं. पाच वर्षं खिल्लारे हात पुढं करून उभा राहिला. बाईंची बदली झाली तेव्हा तो बाईंपेक्षा चांगलं विणत होता.

धावणं मात्र माझ्यामुळं लागलं. शाळेच्या माहितीचा एक तक्ता त्याच दिवशी वाशीमच्या कचेरीत पोचवायचा होता. त्याची एसटी चुकली. मी म्हणालो, "काहीही कर, आज पोचला पाहिजे." तो धावत गेला. संध्याकाळी पोच हातात ठेवून म्हणाला, "सर, मजा आली बावा. फकत हात उगाच हालत राह्यले इतका रस्ता. त्याईले काही कामच नाई." पुढच्या वेळी त्यानं हातांना काम दिलं.

मग तो रोज सकाळी धावायला लागला. अंतर तो किलोमीटरमध्ये मोजत नसे. वाशीम म्हणजे पाठ आणि पोट. परत आलं की दोन बाह्या. जवळच्या शेताला जाऊन येणं म्हणजे एक कानटोपी. सपाट रस्त्याला सुलट टाका, चढाला उलट. "चढावर उलट टाका घातला की पायाले वाटते आपण उतरून राह्यलो," असं तो शाळेच्या विज्ञान शिक्षकांना समजावून सांगत असे.

दोन्ही छंदांचं एकमेकांशी नीट जमत नव्हतं, ही त्याची खरी अडचण. दम चांगला लागला, पाय जोरात पडायला लागले की हात आवळायचे आणि टाके घट्ट व्हायचे. ज्या वर्षी त्याचा सराव उत्तम, त्या वर्षीचे स्वेटर कुणाच्या डोक्यातून खाली उतरत नसत. ताप येऊन धावणं मंदावलं की गळे इतके सैल की खांद्यावरून घसरायचे. थंडीत त्यानं दिलेले स्वेटर घालून प्रार्थनेला पोरं उभी राहिली की खिल्लारेची तब्येत कळायची. कुणाचा चेहरा लाल झालेला दिसला की शिक्षक आपसात म्हणायचे, "यंदा खिल्लारे फॉर्मात आहे."

आमच्याकडं थंडी ती केवढी. गावातली पोरं, म्हातारे संपले तरी लोकर उरायची. मग त्यानं शाळेच्या घंटेच्या टोल्याला टोपी केली, आणि घंटा वाजेनाशी झाली. खिचडीच्या मोठ्या पळीला मूठ केली. माझ्या खुर्चीला पाठ केली. एप्रिलमध्ये तिच्यावर बसणं ही शिक्षा होती. मी ओरडलो तर म्हणाला, "सर, ते सरावातलं हाय. शर्यतीतलं येगळं असते."

शर्यत. वाशीमच्या एका मंडळानं एकवीस किलोमीटरची शर्यत ठेवली. वाशीमहून मालेगाव रस्त्यानं निघायचं, एका पुलापाशी कडुनिंब आहे तिथून वळायचं आणि परत. मुख्याध्यापक हा माणूस कुठंही बसवता येतो. निवडणुकीला बसवतात, जनगणनेला बसवतात. मला वळणावर बसवलं. एक टेबल, एक माठ, नंबरांचा कागद आणि पिवळ्या फितींचा गठ्ठा. येईल त्याच्या मनगटाला फीत बांधायची, कागदावर खूण करायची. फीत नाही तर शर्यत नाही.

खिल्लारे तेव्हा पन्नाशीचा होता. त्यानं पहिल्यांदाच छातीवर नंबर लावला होता. जिंकणार नव्हताच. पण जो पूर्ण करील त्याला मेडल होतं, आणि ते त्याला घरात भिंतीवर लावायचं होतं. महिनाभर शाळेत हेच. "पोरीले सांगून ठेवलं मी, खिळा ठोकून ठेव."

ऊन चढलं. एक एक करून सगळे येऊन वळून गेले. कागदावर एकच नंबर उरला, त्याचा. मी वाट पाहिली. किती, ते आता प्रामाणिकपणे सांगतो : पंधरा मिनिटं. तेवढ्यात मालेगावचे एक ओळखीचे शिक्षक मोटारसायकलवर आले. "कोणाची वाट पाहून राह्यले? त्या स्वेटरवाल्याची? तो कुठं सावलीत बाही मोजत बसला असन. चला, गरम आलूबोंडे निघाले फाट्यावर." मी त्याच्या नंबरापुढं 'आला नाही' असं लिहिलं, फिती खिशात घातल्या आणि गेलो.

अर्ध्या तासानं टेबल उचलायला परत आलो. कडुनिंबाच्या खालच्या फांदीला लाल लोकरीचा वीतभर तुकडा बांधलेला होता. तीन गाठी. ती लोकर कुणाची हे मला विचारायची गरज नव्हती. मी गाठी सोडवून पाहिल्या, सुटेनात. मग दातानं तोडला आणि खिशात टाकला. तो तिथं राहिला असता तर कुणीतरी विचारलं असतं, सर त्या वेळी कुठं होते.

टेबल-माठ न्यायला टेंपो आला तो दीड तासानं. शेवटच्या ठिकाणी पोचलो तर मंडप उतरवत होते आणि खिल्लारे मंडळाच्या लोकांसमोर उभा होता. घामानं निथळत होता. फीत नव्हती. त्यानं दोन्ही हातांनी विणकाम धरलेलं होतं, शाळेत बाईंसमोर लड धरायचा तसंच.

"हे पाहा. इथलोक करडी लोकर. इथं लाल लावली. हे वळण. पुढं पुन्हा करडी. टाके मोजून घ्या ना, दोन्हीकडं सारखे हाय."

"आता स्वेटर पाहून मेडल द्यायचं का?" कुणीतरी म्हणालं. सगळे हसले. मीही हसलो.

तेव्हा त्याला मी दिसलो. त्याचा चेहरा एकदम मोकळा झाला. "हे आले सर. सर, सांगा न तुमी. टेबल होतं, माठ होता, तुमीच नोहते. म्हून झाडाले लाल लोकर बांधून आलो मी."

सगळे माझ्याकडं पाहायला लागले. मी म्हणालो, "मी तिथंच होतो. हा आला नाही."

मंडळाचा एक माणूस तरीही मोटारसायकलवर जाऊन झाड पाहून आला. भला माणूस होता. "काहीच नाही तिथं," तो म्हणाला. माझा हात खिशात होता.

 खिल्लारेनं सुया गुंड्यात खोचल्या आणि तो एसटी स्टँडकडं गेला. दुसऱ्या दिवसापासून त्याचं नाव 'शॉर्टकट' झालं. मास्तर म्हणायचे, पोरं म्हणायची, चहावाला म्हणायचा, "शॉर्टकट, चहा कट देऊ का?" तो घंटा द्यायचा, पाणी भरायचा, माझ्या मागून फायली आणायचा. 

मात्र पुढच्या रविवारपासून तो एसटीनं वाशीमला जायला लागला. तिथून मालेगाव रस्त्यानं त्या कडुनिंबापर्यंत धावायचं, झाडाला लोकरीचा तुकडा बांधायचा आणि परत. दर रविवारी. पाऊस असो, ऊन असो. वर्षभरात फांदी दिसेनाशी झाली.

आणि मग जे व्हायचं तेच झालं. येणाऱ्या-जाणाऱ्यांना वाटलं, नवसाचं झाड आहे. कुणीतरी बुंध्याला शेंदूर लावला. नारळ फुटायला लागले. बाया दोरे बांधायला लागल्या, कुणी पोरासाठी, कुणी नोकरीसाठी. एका रविवारी मी एसटीतून मालेगावला जात होतो. पुलापाशी गाडी हळू झाली आणि मला खिल्लारे दिसला. सुया हातात, भोवती पाच-सहा बाया. तो चिडलेला मी तेव्हाच काय तो पाहिला.

"अवो बाई, देव नाही हा. पुरावा हाय."

"असं म्हणू नोका भाऊ, कोप होईन."

"कोणाचा कोप? आमाले नवस सोडून तीन पिढ्या झाल्या, अन् तुमी माह्याच लोकरीचा देव केला?"

एसटीत सगळे हसले. मी खिडकीची काच ओढून घेतली.

माझ्या निवृत्तीच्या दिवशी त्यानं मला बिनबाह्यांचा करडा स्वेटर दिला. अंगात बसला, जणू शिंप्यानं माप घेतलं होतं. मी विचारलं, "माप कधी घेतलं?" तो म्हणाला, "वीस वर्सं तुमच्या मागं फाइल घेऊन चाललो सर." पोटाभोवती एकच लाल ओळ होती. "ही लाल कशाला?" असं माझ्या तोंडून निघून गेलं.

"ते वळण हाय, सर."

मी "छान, छान" म्हणालो. तो स्वेटर मी कधी घातला नाही. घातला नाही म्हणून फेकलाही नाही. त्याच्या घडीत मी तो लाल तुकडा ठेवून दिला.

गेल्या पावसाळ्यात त्याला कावीळ झाली आणि ती वाढत गेली. वाशीमच्या दवाखान्यात होता. मी गेलो. डोळे हळदीसारखे पिवळे, एका हाताला सलाईन, आणि तरी विणत होता. कुणाचं तरी टोपडं. टाके इतके सैल होते की बोट आरपार जात होतं.

मी स्टुलावर बसलो. वाटेत सगळं ठरवून आलो होतो. म्हणालो, "प्रल्हाद, मला तुला एक सांगायचं आहे."

"ओळ संपू द्या, सर."

मी थांबलो. वीस-पंचवीस टाक्यांची ओळ होती ती. एक टाका घालायचा, थांबायचा, श्वास घ्यायचा. अर्ध्यात त्याचा डोळा लागला. मी त्याला उठवलं असतं तर तो उठला असता. मला, खरं सांगतो, सुटल्यासारखं वाटलं. सुया हळूच त्याच्या हातातून काढून बाजूला ठेवल्या आणि घरी आलो. दोन दिवसांनी तो गेला.

त्याच्या घरी भेटायला गेलो तेव्हा त्याची मुलगी करुणा होती. भिंतीवर बाबासाहेबांचा आणि बुद्धाचा फोटो, आणि त्यांच्या बाजूला रिकामा खिळा. मी त्या खिळ्याकडं पाहत होतो. तिनं चहा दिला. मी तिला सगळं सांगितलं. आलूबोंडे, दातानं तोडलेली लोकर, खिशातला हात. इतकी वर्षं घोकलेलं बोलून झालं तेव्हा चहावर साय आली होती.

ती रागावली नाही. मला राग चालला असता. ती म्हणाली, "बाबाले मालूम होतं, सर. लोकर कोणी तोडली तेही मालूम होतं. दुसरं कोण होतं तिथं?"

मी विचारलं, "मग मेडलसाठी भांडला का नाही?"

"मी म्हणे न त्यायले, काहून जाता दर रविवारी? कायले बांधता लोकर? तुमाले कोण विचारते? त म्हणत, लोकर तेवढी खूण म्हणून. जाऊन मी दहा मिनिटं बसतो तिथं. सर येतील एखाद्या दिवशी. एकट्यानं यायची लाज वाटन त्यायले, म्हणून मी पयलेच जाऊन बसतो."

मी चहा तसाच ठेवून उठलो. चप्पल पायात घालायला मला फार वेळ लागला.

पुढच्या रविवारी वाशीमहून मालेगावची एसटी धरली आणि पुलापाशी उतरलो. अंगात तो करडा स्वेटर घातला होता. लोक पाहत होते, कारण ऊन होतं. झाडाला आता लोकरीपेक्षा दोरेच जास्त आहेत. त्याचे जुने तुकडे पावसानं रंग जाऊन एकसारखे मातकट झाले आहेत. खालची फांदी सापडली. मी लाल तुकडा काढला आणि गाठ मारायला लागलो. गाठ बसेना.

नारळ घेऊन आलेली एक बाई बाजूला उभी होती. "कायचा नवस हाय, आजोबा?"

मी म्हणालो, "नवस नाही बाई. एका शर्यतीत इथं खिल्लारे आले होते. मी सांगितलं, आले नाहीत. ते आले होते. मीच नव्हतो."

"हो काय," ती म्हणाली, आणि नारळ फोडायला दगड शोधायला लागली.

मी गाठ मारली. दोन मारल्या, तिसरी जमली नाही. मग झाडाखाली बसलो, त्याच्यासारखंच दहा मिनिटं बसायचं ठरवून. परतीची एसटी आली, थांबली, कंडक्टरनं हात केला. मी बसूनच राहिलो. अजून पाच मिनिटं राहिली होती.